एक पट्टा कमी

"पोरीला आणतेस तर आण, मी कोणाला सांगणार नाही. पण तिच्या हाताला पट्टा बांधू नकोस," असं बूटआजी मला म्हणाल्या होत्या. मी हो हो म्हटलं आणि सोडून दिलं. बाईंना सगळ्यातच नाक खुपसायची सवय आहे, असं मला वाटलं.

बूटआजी म्हणजे आमच्या प्ले झोनच्या दाराशी मुलांचे बूट-चपला कप्प्यांत लावून ठेवणाऱ्या बाई. वय साठीच्या आतबाहेर, गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र रोज धार लावल्यासारखी. मुलं त्यांना बूटआजी म्हणायची, मग आम्हीही म्हणायला लागलो. पट्टा का बांधू नको, असं मी विचारलं तेव्हा त्या मोज्यांची जोडी जुळवता जुळवता म्हणाल्या, "इथे सगळे पट्टेच बघतात गं. एक जास्तीचा फिरायला लागला, तर कमी पडलेला कोणाला कळणार?" मी संख्याशास्त्र घेऊन पदवी मिळवलेली. बेरीज-वजाबाकी मला बुटांच्या कप्प्यापाशी शिकावी लागणार, याचं मला मनातल्या मनात हसू आलं.

माझं काम तसं शेंबड्या पोरालाही जमेल असं होतं. तिकीट घेऊन आलेल्या प्रत्येक मुलाच्या मनगटाला कागदी पट्टा चिकटवायचा आणि बाहेर पडताना तो कात्रीने कापून डब्यात टाकायचा. खेळायची वेळ दीड तासाची. दर दीड तासाचा रंग वेगळा: हिरवा, गुलाबी, निळा, पिवळा. वेळ संपली की घंटा व्हायची, मुलं बाहेर यायची, मी पट्टे कापायचे. मग डब्यातले पट्टे मोजून आमच्या मॅनेजरना, म्हणजे साहेबांना, आकडा सांगायचा. साहेबांच्या पडद्यावर तिकिटांचा आकडा असायचा. दोन्ही जुळले की साहेब हात वर करून म्हणायचे, "रिकामं." ते ऐकलं की हवाकाका, म्हणजे खेळण्यांतली हवा आणि साफसफाई बघणारे काका, अजगराची मोटर बंद करायचे.

अजगर हे आमच्याकडचं सगळ्यात मोठं खेळणं. जाड रबरी कापडाचा, हवा भरलेला, अर्धं दालन अडवून बसलेला. तोंडातून आत शिरायचं, अंधाऱ्या नळीतून सरपटत पोटात यायचं, तिथे उड्या मारायच्या आणि शेपटीतून घसरत बाहेर पडायचं. मोटर सतत चालू असेपर्यंतच तो उभा. दोन खेळांच्या मधल्या दहा मिनिटांत मोटर थंड व्हावी म्हणून ती बंद करायची, असा नियम. बंद केली की त्याचं डोकं आधी खाली यायचं, मग पोट बसत जायचं. त्या वेळी तोंडातून जी हवा निघायची तिला मोज्यांचा, घामाचा आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास असायचा. पहिल्या दिवशी तो सुस्कारा ऐकून माझी मुलगी माझ्या मांडीला चिकटली होती. "तो कंटाळला," असं ती म्हणाली होती.

तिला मी भिंगरी म्हणते, कारण एका जागी ठरत नाही. चार वर्षांची आहे. बालवाडी बाराला सुटते आणि माझं काम बाराला सुरू होतं. आधी शेजारच्या काकू बघायच्या, त्या मुलाकडे राहायला गेल्या. सासूबाई धाकट्या दिरांकडे, दुसऱ्या गावात. नवरा कारखान्यात, त्याच्या पाळ्या दर आठवड्याला बदलणार. चार ठिकाणी विचारून झालं आणि शेवटी मी साहेबांकडे गेले. साहेब वयाने माझ्याहून लहानच, कमरेला वॉकीटॉकी लावून स्वतःला विमानतळावर समजणारे. ते म्हणाले, कर्मचाऱ्यांची मुलं आणायची परवानगी नाही. मग म्हणाले की मला जर कोणी दिसलं नाही, तर मी कोणाला हाकलणार?

म्हणजे माझी मुलगी तिथे होती आणि नव्हतीही. पहिला आठवडा ती माझ्या टेबलाखाली चित्रं काढत बसली. दुसऱ्या आठवड्यात खेळायला लागली आणि माझ्या जिवाला घोर लागला. मी तशी काळजीखोरच. रात्री दोनदा उठून तिच्या नाकापुढे बोट धरून बघणारी. नवरा म्हणतो, तू तिचा श्वास मोजून मोजून संपवशील. आता मला दिसायला लागलं की त्या एवढ्या मोठ्या दालनात एकच मूल असं आहे ज्याचा कुठेच हिशेब नाही. ती बॉलच्या टाक्यात तळाशी गेली, कोणाच्या तरी आईबरोबर दाराबाहेर पडली, तरी डबा आणि पडदा जुळणारच. साहेब हात वर करणारच.

म्हणून मी तिला पट्टा बांधायला लागले. प्रत्येक नव्या गुंडाळीचे पहिले चार-पाच पट्टे पुसट छापलेले निघायचे, ते टाकून द्यायचे असत. मी ते ड्रॉवरमध्ये जपून ठेवले. ज्या वेळी जो रंग, तो भिंगरीच्या हाताला. घंटा झाली की तिला हाक मारायची, तिचा पट्टा कापायचा आणि तो डब्यात न टाकता माझ्या एप्रनच्या खिशात टाकायचा. मग नवा बांधायचा. माझा हिशेब पक्का होता. डबा साहेबांचा, खिसा माझा. खिशात पट्टा पडला की मगच मी श्वास सोडायचे.

दीड महिना हे सुरळीत चाललं. बूटआजी बघायच्या आणि मान फिरवायच्या.

तो बुधवार होता. गुलाबी पट्ट्यांची वेळ, अडीच ते चार. एक वाढदिवस होता, शिवाय सुट्टे आलेले. एकूण छत्तीस तिकिटं. गाणी नेहमीपेक्षा मोठ्याने लावलेली, केकच्या क्रीममध्ये पाय देऊन कोणीतरी घसरलेलं. साडेतीनच्या सुमारास भिंगरी डोळे चोळत माझ्याकडे आली आणि पट्टा खाजतो म्हणून भुणभुण करायला लागली. मनगटावर खरंच लाल रेघ उठली होती. समोर एक बाई तिकिटाचे पैसे परत मागत होत्या, दोन मुलं रडत होती, त्यातल्या एकाचा पट्टा मी कापतच होते. त्याच कात्रीने मी भिंगरीचाही कापला. तिला टेबलाखाली माझ्या ओढणीवर झोपवलं आणि परत समोरच्या बाईंकडे वळले.

त्या क्षणाचं मला एवढंच आठवतं. तो पट्टा हातातून कुठे गेला, ते आठवत नाही.

चारला घंटा झाली. वाढदिवसाची मुलं एकदम लोंढ्यासारखी आली. फुगे, भेटवस्तू, आयांच्या हाका. मी कापत गेले. शेवटचा मुलगा गेल्यावर डबा उपडा केला आणि दहा-दहाचे गठ्ठे लावले. तीन गठ्ठे आणि वर सहा. साहेबांनी लांबून भुवया उडवल्या. मी म्हटलं, छत्तीस. साहेबांनी पडद्याकडे पाहिलं आणि हात वर केला.

"रिकामं."

हवाकाकांनी मोटर बंद केली आणि ते फडकं-बादली आणायला मागच्या बाजूला गेले. अजगराचा सुस्कारा सुरू झाला. डोकं खाली आलं.

मी वाकले. भिंगरीचा पट्टा कापायचा होता ना. ती पालथी झोपली होती, एक हात डोक्याखाली, दुसरा माझ्या चपलेवर. मी चपलेवरचा हात उचलला. मनगट रिकामं. डोक्याखालचा हात ओढला. तोही रिकामा. मी एप्रनच्या खिशात हात घातला. खिशात काही नव्हतं.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना हात जड होतो. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की माझी तर इथेच आहे. बरं वाटलं मला. एक पूर्ण श्वास मी सुखाने घेतला.

दुसऱ्या श्वासाला कळलं. भिंगरीचा पट्टा खिशात नाही, तर तो डब्यात आहे. तो डब्यात असेल, तर छत्तीसातला एक माझा. म्हणजे बाहेर आलेली मुलं पस्तीस.

तेव्हाच ओरडायला हवं होतं. मी ओरडले नाही. मी गठ्ठे विस्कटले आणि पट्टे एकेक करून बघायला लागले. मला पुसट छापलेला पट्टा शोधायचा होता, खरं तर तो सापडू नये म्हणून शोधत होते. सापडला नसता तर सगळं ठीक होतं. कोणाला काही सांगावं लागलं नसतं, ड्रॉवर उघडून दाखवावा लागला नसता, उद्यापासून मुलीला कुठे ठेवू हा प्रश्न आला नसता. पट्टे एकमेकांना चिकटत होते. माझ्या मागे अजगराचं पोट बसत होतं. मला ते ऐकू येत होतं आणि मी पट्टे बघत होते.

बाविसावा की तेविसावा पुसट निघाला.

मी वर पाहिलं तर बूटआजी समोर उभ्या. हातात लाल पट्ट्यांच्या चपलांची एक जोडी, लहानशी, टाचेला झिजलेली. चपला त्यांनी फक्त थोड्या वर धरल्या.

"मोटर चालू करा," मी किंचाळले. "आत पोर आहे."

साहेब म्हणाले की आकडा जुळलाय, काय बोलतेस. मी त्यांना ढकलून पळाले. हवाकाकांनी मात्र काही विचारलं नाही. त्यांच्या हातातली बादली पडली, पाणी सगळीकडे गेलं, आणि त्या पाण्यातून पळत त्यांनी खटका दाबला. मोटर घरघरली. पण बसलेल्या अजगरात हवा भरायला वेळ लागतो. आधी डोकं डुलायला लागलं, मग शेपूट. पोट तसंच पडून होतं, एखाद्या ओल्या गोधडीसारखं, त्याला घडी पडली होती. हवाकाका तोंडातून शिरले, मी शेपटीतून. कापड माझ्या पाठीवर होतं, डोक्यावर होतं, तोंडाला चिकटत होतं. आत हवा नव्हतीच म्हटलं तरी चालेल. गरम वाफ होती. मी हाताने चाचपत पुढे सरकत होते आणि मला माझाच श्वास पुरत नव्हता. मोठ्या बाईला पुरत नाही तर, असा विचार मनात आला आणि मी तो तसाच मध्ये तोडला.

हाताला मोजा लागला. पिवळा असावा, पण हे नंतर उजेडात कळलं. तेव्हा फक्त एक छोटं, न हलणारं पाऊल.

मी तिला ओढत बाहेर काढलं. पाच वर्षांची असेल. समोरचा एक दात पडलेला. केस घामाने कपाळाला चिकटलेले, ओठ जांभळट. हवाकाका गुडघ्यांवर बसले आणि तिचं तोंड आपल्या हाताने वर उचलून पाठ चोळायला लागले. देवाचं नाव घेत होते की शिव्या देत होते, कळत नव्हतं. मग तिच्या छातीतून एक बारीक, दाराची बिजागरी कुरकुरावी तसा आवाज आला. नंतर दुसरा. डोळे उघडले. मनगटाला गुलाबी पट्टा होता.

ती रडली नाही. रडली असती तर मला आज एवढं वाटलं नसतं.

साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्यांचं डोकं चालू होतं. त्यांनी बूटआजींना ज्यूस आणायला सांगितलं, हवाकाकांना लादी पुसायला सांगितलं, दाराबाहेर पुढच्या खेळाची मुलं जमली होती त्यांना पाच मिनिटं थांबवायला सांगितलं. मी म्हटलं, डॉक्टरकडे न्यायला हवं. साहेब दबक्या आवाजात म्हणाले, श्वास चालू आहे, बघतेय, ज्यूस पितेय, आणखी काय पाहिजे?

तेवढ्यात तिचे वडील आले. बाहेर कॉफीच्या दुकानात बसले होते म्हणे. कानात फोनची वायर, काखेत लॅपटॉप, चार वाजून गेले हे लक्षातच आलं नाही म्हणून सॉरी सॉरी करत. माणूस वाईट नव्हता. मुलगी दिसल्याबरोबर गुडघ्यावर बसला आणि तिच्या नाकाला नाक लावलं. साहेब हसून म्हणाले, "अजगरात झोप लागली होती हिला. खेळून दमली असणार." वडीलही हसले. म्हणाले, हिला कुठेही झोप लागते, गाडीत, जेवणाच्या ताटावर, आईवर गेली आहे. बूटआजी खाली बसून तिच्या पायात त्या लाल चपला घालत होत्या. एक चप्पल त्यांनी दोनदा काढून दोनदा घातली.

मग वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. कात्री माझ्या हातात होती, पट्टा कापायचा होता ना.

"हिने त्रास तर नाही ना दिला?"

साहेब त्यांच्या मागे उभे होते. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग अगदी सावकाश माझ्या टेबलाखाली. भिंगरी उठून बसली होती आणि जांभई देत होती.

"नाही," मी म्हटलं.

पट्टा कापताना मुलीचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर होता. तिच्या पापण्यांवर आणि डोळ्यांखाली बारीक लाल ठिपके उठले होते, टाचणीने टोचल्यासारखे. मला वाटलं, पुरळ असेल, उष्णतेचं. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. तिला माहीत होतं. पाच वर्षांच्या मुलीला शब्द नसतील, पण ती झोपली नव्हती हे तिला माहीत होतं, आणि मला ते माहीत आहे हेही. वडिलांनी तिला कडेवर घेतलं. जाताना तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं नाही. मान ताठ धरून ती दारापर्यंत माझ्याकडे बघत गेली.

त्या रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, वाचली ना, मग आता उकरून काय काढतेस. त्याचं खरं असेल, असं मी दोन दिवस स्वतःला समजावलं. तिसऱ्या दिवशी भिंगरीच्या खोकल्यासाठी दवाखान्यात गेले होते. तिथल्या नर्सबाईंना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, डोळ्यांभोवती बारीक लाल ठिपके कशाने येतात हो? त्या म्हणाल्या, जोरात खोकलं, उलट्या झाल्या, खूप रडलं तरी येतात. मग भिंगरीची पापणी खाली ओढून बघत म्हणाल्या, "हिला तर नाहीत. कोणाला आलेत?" मी म्हटलं, ओळखीतल्या एका मुलीला. ती रडली नव्हती. तिचा श्वास कोंडला होता, दोन-चार मिनिटं. नर्सबाईंचा हात थांबला. म्हणाल्या, तिला दाखवलं का कुठे? लगेच दाखवायला सांगा. वरून चांगली दिसली तरी सांगता येत नाही. नंतर डोकं दुखतं का, दचकून उठते का, एकटक बघत राहते का, घरच्यांना लक्ष ठेवायला सांगा.

घरच्यांना. मला त्यांचं घर माहीत नाही. आमच्या तिकिटावर नाव नसतं, फोन नसतो. रोख दिलेले, एक मूल, दीड तास. मी साहेबांच्या मागे लागून त्या दिवसाची नोंद बघितली. तिथे फक्त वेळ आहे, दोन बत्तीस. साहेब म्हणाले, परत विचारलंस तर मला तुझी मुलगी दिसायला लागेल.

भिंगरी आता बालवाडीतल्या एका मैत्रिणीकडे असते, तिच्या आईने आपणहून विचारलं. मी नोकरी सोडलेली नाही. अजून तिथेच पट्टे चिकटवते, कारण ती मुलगी आणि तिचे वडील परत आले तर याच दारातून येतील. प्रत्येक बुधवारी मी अडीचला मान वर करून बघते. बूटआजी लाल चपला दिसल्या की मला खुणावतात. दोनदा खुणावलं, दोन्ही वेळा दुसरंच मूल होतं. हवाकाका आता साहेबांनी हात वर केल्यावरही अजगराच्या तोंडातून आत जातात, शेपटीतून बाहेर येतात आणि मगच खटका बंद करतात. साहेब वेळ जातो म्हणून ओरडतात. काका ऐकू आलं नाही असं दाखवतात. आता सात आठवडे झाले. ते आलेले नाहीत. ती यायला नको म्हणत असेल, असं मी धरून चालते. दुसरं कारण मनात येतं, ते मी येऊ देत नाही.

म्हणून हे लिहिलं. कुठे ना कुठे ते वडील वाचतील, किंवा तिची आई, आत्या, शेजारीण. मुलगी पाच वर्षांची, वरचा समोरचा एक दात पडलेला, लाल पट्ट्यांच्या चपला, पिवळे मोजे. बुधवारी दुपारी प्ले झोनमधून घरी आली, आणि वडिलांनी हसत सांगितलं असेल की ही आज खेळता खेळता झोपली होती.

ती झोपली नव्हती. मोटर बंद होती आणि ती आत होती, तीन मिनिटं तरी, कदाचित चार. त्यातलं जवळजवळ एक मिनिट माझं आहे. डॉक्टरांना हे असंच सांगा, झोप म्हणू नका. आणि आधी, हे वाचून झाल्यावर, ती ज्या खोलीत असेल तिथे जा. दिवा लावा. तिच्याशी काहीतरी बोला आणि ती उत्तर देते का, ते बघा.